हा डक्ट इथे कुठून आला?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीत एक निवृत्त काका असतातच. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या स्विमिंग पूलकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. मंजूर नकाशा टेबलावर पसरतात, बोट ठेवतात आणि विचारतात, “हा डक्ट इथे कुठून आला?” नव्या पुलावरून पश्चिमेला उतरलं की एलबीएस रोडवर सॉफ्टवेअरवाल्यांची काचेची ऑफिसं लागतात. तिथे काकांची ही जागा रिकामी आहे.

तिथला रिवाज असा. कुठल्याशा फुकट, खुल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की फाइलीत आकडा बदलायचा, बिल्ड मारायचा, तो फुटला नाही की चहाला जायचं. बदलांची यादी वाचणारा अभ्यासू समजला जातो. मूळ कोडमधला फरक वाचणारा थोर. आणि तो कोड ज्या स्क्रिप्टने बांधला जातो, त्या स्क्रिप्टमध्ये काय बदललं हे बघणारा? त्याला मॅनेजर विचारतो, “तुला दुसरं काम नाही का?”

ही जागा रिकामी आहे हे चोरांना आपल्याआधी कळलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी गोष्ट. नाव कुणाला माहीत नाही, आणि लिनक्सचा सर्व्हर तिच्याशिवाय सहसा सापडत नाही. ती फिनलंडचा लासे कॉलिन वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. दमला होता, तसं त्याने बोलूनही दाखवलं होतं. २०२१पासून ‘जिया टॅन’ नावाचा कुणी मदतीला आला. गोड बोलला, कामं केली, हळूहळू किल्ल्याही मिळवल्या. हा माणूस खरा कोण, एक की अनेक, अजून उलगडलेलं नाही.

फेब्रुवारी-मार्च २०२४मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आल्या. यातली कारागिरी बघण्यासारखी आहे. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात एक ‘मुद्दाम बिघडवलेली’ चाचणीची फाइल ठेवली होती. बिघडलेली फाइल उघडून कोण बघणार? आणि ती जागी करणारी ओळ भांडारात नव्हतीच. ती होती फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात, म्हणजे टारबॉलमध्ये, बिल्ड-टू-होस्ट नावाच्या एम४ स्क्रिप्टमध्ये. ही ओळ टॅबच्या जागी स्पेस आणि हायफनच्या जागी अंडरस्कोर अशी अदलाबदल करायची, की ‘बिघडलेली’ फाइल ठणठणीत! मग त्यातून निघालेला माल बिल्ड चालू असतानाच लायब्ररीत मिसळायचा आणि सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या वाटेवर मागचं दार उघडायचा. तेही डेबियन किंवा रेडहॅट पद्धतीचं पॅकेज बांधलं जात असेल तरच. हौशी माणसाने घरी बांधून बघितलं, तर सगळं सोवळ्यात.

गठ्ठ्यात भांडारापेक्षा चार फाइली जास्त असायच्याच, हा जुना पायंडा. तिथे तयार करून ठेवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची, ती वाचायला बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. शिवाय सीमेक या बिल्डच्या साधनाच्या फाइलीत एका चाचणीत एक टिंब जास्त. एकच. त्या टिंबामुळे ती चाचणी कायम नापास व्हायची आणि संरक्षणाची एक सोय गुपचूप बंद पडायची. डोळे फाडून बघितलं तरी स्क्रीनवरचा कचरा वाटावा असं टिंब.

‘कोड सगळ्यांसमोर उघडा आहे, हजारो डोळे बघतात’ ही या पंथाची आरती. त्या हजार डोळ्यांपैकी प्रत्येक जोडीला वाटत होतं की दुसऱ्या जोडीने बघितलं असेल. चोरी पकडली पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडने, कारण लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपल्याकडे सरकारी पोर्टल अर्ध्या सेकंदात उघडलं तर लोक घाबरून स्क्रीनशॉट काढतील. २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने बोंब ठोकली. घाण तोवर डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचली होती. सी-डॅकची ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम ज्याच्यावर उभी आहे, त्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती शिरायची बाकी होती.

उपाय काही रॉकेट उडवण्याचा नाही. गठ्ठा आणि भांडार शेजारी ठेवून फरक काढायचा, कॉन्फिगर स्वतः नव्याने तयार करायची, मेकफाइल-एम४-सीमेकमध्ये बदललेली प्रत्येक ओळ कशासाठी आली ते विचारायचं. पण याचा तास कुठल्या प्रोजेक्टला लावायचा? टाइमशीटमध्ये ‘काकागिरी’ असा रकाना नाही.

कॉलिनने मे महिन्यात सगळं साफ करून ५.६.२ काढली, पुन्हा फुकटातच. अनेकांनी ती घेतली. आकडा बदलला, बिल्ड मारला, चहाला गेले.