खुले पत्र : श्रीमान सेव्ह बटण यांस

सेव्हभाऊ,

आमच्या जळगाव-धुळे गाड्यांच्या बुकिंगची सगळी मांडणी एका लहानशा यामल फाइलीत असते. पारोळ्याचं भाडं दहा रुपयांनी वाढवायचं होतं, म्हणून आपल्याला दाबलं. भाडं वाढलं. पण आपल्या सेवाभावाला तेवढ्याने कुठलं समाधान!

थांबे आम्ही जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे असे लिहिले होते, कारण रस्ता तसाच जातो. आपण ते मुळाक्षरांप्रमाणे लावले : एरंडोल, जळगाव, धुळे, पारोळा. आता गाडी एरंडोलहून उलटी जळगावला येणार, आणि धुळं गाठून पुन्हा पारोळ्याला परतणार. डिझेलचा खर्च आपण देणार ना?

मग एसटीडी कोड. शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान धरायचा, हा यामल १.१चा जुना नियम आपण इमानाने पाळलात. म्हणून जळगावचा ०२५७ झाला १७५, आणि धुळ्याचा ०२५६२ झाला १३९४. भुसावळचा ०२५८२ तेवढा बचावला, कारण अष्टमानात ८ हा अंकच नसतो.

आणि '#' लावून लिहिलेल्या सूचना? 'रात्री हा नंबर लावू नका, घरचा आहे' ही ओळ आपण गाळलीत. वाचताना यंत्राने ती ओलांडावी, हे ठीक. पण परत लिहिताना ती पुसायला कोणी सांगितलं होतं?

याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले. गावोगावचे जुने कागद जमवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. त्यांचे लेखनिक आपण नव्हता, हे महाराष्ट्राचं नशीब.

'यंत्राच्या लेखी अर्थ तोच आहे,' असं आपण म्हणाल. पण फाइल माणसंही वाचतात. आता गिटमध्ये जुनी-नवी प्रत ताडून पाहावी, तर जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली दिसते. खरा बदल दहा रुपयांचा, तोच सापडत नाही. हे अशक्य होतं म्हणावं, तर यामलसाठी रुआमेल.यामल आणि टॉमल फाइलींसाठी टॉमलकिट या लायब्रऱ्या क्रम आणि टिपणं सांभाळूनच फाइल परत लिहितात.

तेव्हा मागणी एकच : सांगितलं तेवढंच बदला. जमत नसेल, तर फाइल उघडून द्या, हाताने लिहू. तोवर ती रीड-ओन्ली केली आहे. आपण फक्त वाचा.

आपला,
बुकिंग काउंटरवरचा एक कारकून, जळगाव