कादंबरीचा सातबारा

इंग्रजी अभिजात साहित्याच्या भक्तांची एक जुनी तक्रार आहे : हे उत्तर-वसाहतवादी समीक्षक प्रेमकथा वाचायची सोडून तलाठ्यासारखे सातबारा तपासत बसतात. तक्रार खरी आहे. पण उतारा कादंबरीकारांनीच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलाय, त्याला ते बिचारे काय करणार? जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधले (१८१४) सर थॉमस अँटिग्वाला जातात ते हवापालटासाठी नव्हे, तिथल्या मिळकतीचं उत्पन्न घसरलेलं असतं. परतल्यावर भाची फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते, तर घरातलं कुणी ब्र काढत नाही. समीक्षक एडवर्ड सईद यांनी १९९३ साली या वाड्याचा खर्च कुठून चालतो तेवढं विचारलं, तर केवढा गहजब! ‘जेन एअर’मध्ये (१८४७) तर आकडेसुद्धा आहेत. जमैकाच्या बर्थाशी लग्न करताना नायक रोचेस्टरला ३०,००० पौंड मिळतात. पुढे बायको माळ्यावर कोंडलेली आणि पौंड खिशात. जेनला मदिरातल्या काकांचे २०,००० येतात. ती न्यायाची पक्की, चौघांत ५,००० प्रमाणे वाटून टाकते. माळ्यावरचीचा हिस्सा निघत नाही.

‘साहित्यात राजकारण आणू नका’ हा आक्षेप ऐकायला सोज्वळ वाटतो. पण मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली आणि ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा काढली १८९४ मध्ये. अभ्यासक गौरी विश्वनाथन यांनी दाखवलंय, की हा विषय अभ्यासक्रमात रुजला तो विलायतेआधी हिंदुस्थानात. सरकारी शाळेत बायबल शिकवावं तर रयत बिथरेल, म्हणून नीतीची मात्रा काव्याच्या मधातून चाटवली. राजकारण बाहेरून आलेलं नाही, ते या विषयाच्या बारशालाच हजर होतं. (आमच्या चर्चासत्रांतही हे सगळं इंग्रजीतूनच बोलावं लागतं, आणि लंडनच्या प्रकाशकाने छापल्याशिवाय ते खरं ठरत नाही, ही गंमत वेगळी.)

‘मग काय, पुस्तकं जाळायची?’ जाळायला कोण निघालंय? नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये इंग्रजी कादंबरीकार कॉनरॅडला वंशवादी म्हटलं ते ओळ न् ओळ वाचून. इतकं बारकाईने भक्तही वाचत नसतील. डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीस यांनी तर १९६६ साली बर्थाची स्वतंत्र कादंबरीच लिहिली आणि तिला आंत्वानेत हे नाव दिलं. म्हणजे ‘इतर अधिकार’च्या रकान्यात तिची नोंद लागली, इतकंच. मालकाच्या रकान्यात अजून रोचेस्टरच आहे. त्याचं नाव कमी करा, असा अर्ज कुणी दिलेला नाही.