थकबाकीदारांना तीस दिवसांचं अभय

एखाद्या पतसंस्थेला वाटतं, सभासदांची घरं नकाशावर दिसावीत. काम सोपं. गूगल शीटच्या एका रकान्यात दोन हजार पत्ते ओतायचे, शेजारी गूगलच्या नकाशाला पत्ता विचारणारा फॉर्म्युला रचून टाकायचा आणि तो धरून खाली ओढायचा. अक्षांश-रेखांश भराभर येऊ लागतात, मग येईनासे होतात. दिवसाचा कोटा संपलेला असतो. ‘मारुतीच्या देवळामागे, गिरणीच्या वर’ हा पत्ता संगणकाला कळला नाही, तरी तो विचारल्याची नोंद होतेच. शिवाय आपण रचलेल्या फॉर्म्युल्याने ३० सेकंदांत उत्तर द्यायचं. आपल्याकडे एवढ्या वेळात टपरीवाल्याचं ‘कुठून आलात?’सुद्धा विचारून होत नाही.

कोटा वाढवायचा तर रीतसर खातं उघडा, कार्ड जोडा. २०१८पर्यंत गूगलची पत्ते शोधण्याची सेवा रोज २,५०० पत्ते फुकट शोधून द्यायची. त्यानंतर कार्ड जोडल्याशिवाय दार उघडेना.

खरी गंमत अटींमध्ये आहे. त्या कोणी वाचत नाही, कारण ‘मान्य’चं बटण वाचनाच्या आधीच हाताशी येतं. या अटींनुसार, मिळालेले अक्षांश-रेखांश जास्तीत जास्त सलग ३० दिवस जवळ ठेवायचे, मग पुसायचे. दुसऱ्याच्या नकाशावर ते मांडायचेही नाहीत. गूगलने त्या ठिकाणाला दिलेला ओळखसंकेत मात्र कायम ठेवायला मुभा आहे. म्हणजे घर विसरा, टोकन जपा. आपल्या राज्यातला घरमालकसुद्धा अकरा महिन्यांचा करार करतो!

उलट ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर पत्ते शोधणाऱ्या नॉमिनॅटिमचा सार्वजनिक सर्व्हर बजावतो की उत्तरं साठवून ठेवा, तोच प्रश्न पुन्हा घेऊन येऊ नका. फक्त सेकंदाला एकच पत्ता विचारायचा, आपली ओळख सांगायची, नकाशावर श्रेय द्यायचं आणि घाऊक कामाचा भार शक्यतो टाकायचा नाही. दोन हजार पत्त्यांना अर्धा तास पुरत नाही. फुकटच्या रांगेत एवढा वेळ उभं राहणं आपल्या कार्यालयीन प्रतिष्ठेला शोभत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. पतसंस्थेने अटी तंतोतंत पाळाव्यात. दर महिन्याला सगळ्या सभासदांची घरं विसरावीत आणि नव्याने शोधायला निघावं. वार्षिक सभेत हा ठराव एकमताने मंजूर होईल. सूचक आणि अनुमोदक, दोघेही थकबाकीदार असतील.