‘कालच गेला’

भाचीला कोथरूडमध्ये भाड्यानं वन बीएचके हवा होता. नोकरी नवी, सोमवारी रुजू व्हायचं. एका संकेतस्थळावर तिला फ्लॅट आवडला. खिडकीला निळं ग्रिल, कठड्यावर तुळशीची कुंडी, भाडं परवडणारं, खाली ‘आजची जाहिरात’. शनिवारी पहाटेच्या एसटीनं पोरगी सांगलीहून निघाली. स्वारगेटला उतरून एजंटला फोन लावला. ‘‘मॅडम, तो कालच गेला. दुसरा दाखवतो, बजेट थोडं वाढवा.’’

तीन आठवडे झाले. निळं ग्रिल आणि ती तुळस अजून तिथंच आहे आणि जाहिरात रोज ‘आजची’ असते. सहा एजंटांनी तेच फोटो लावलेत. भाडी चार, क्षेत्रफळं तीन.

याला मी चूक म्हणणार नाही. स्वस्त घर दिसलं की माणूस फोन करतो. फोन केला की त्याचा नंबर मिळतो. एजंट पैसे मोजतो ते या नंबरांसाठी. घर गेलं तरी गळाला लावायला ते कामाचं असतं. जाहिराती जितक्या जास्त, तितकं संकेतस्थळ मोठं दिसतं. मग उतरवणार कोण?

गावंही बदलतात. भिवंडी तालुक्यातली जमीन ‘अप्पर ठाणे’ होते, वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ उगवतं. क्षेत्रफळाची लबाडी तर हिशेबानंच दाखवता येते. ६०० चौरस फूट कार्पेटवर ४० टक्के लोडिंग चढवलं की ८४० सुपर बिल्टअप झाले. किंमत ८४ लाख. दर दिसतो फुटाला १०,००० रुपये. ज्या फरशीवर तुम्ही चालणार, तिचा दर पडतो १४,०००. कार्पेट म्हणजे काय, हे २०१६च्या रेरा कायद्यात लिहिलेलं आहे : बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, गच्ची वगळायची, आतल्या भिंती धरायच्या. तरी जुन्या फ्लॅटच्या जाहिरातीत नुसतं ‘एरिया ८४०’ येतं.

मला सर्वांत जास्त राग येतो ‘परिसरातला सरासरी दर’ दाखवणाऱ्या आलेखाचा. जाहिरातींतल्या आकड्यांवरून तो काढला असेल, तर ती मालकांनी सांगितलेल्या किमतींची सरासरी आहे. त्यांना अजून कुणी हो म्हटलेलं नाही. एकच घर त्यात सहा वेळा मोजलं जाऊ शकतं. मालक आलेख बघून शेजाऱ्याहून दोन लाख जास्त सांगतो आणि त्याचा आकडा पुन्हा त्याच सरासरीत जाऊन बसतो. मंडईतही पहिल्या आकड्याला कुणी भाव म्हणत नाही. घासाघीस होऊन पैसे हातात पडतात, तो भाव.

तो भाव सरकारदरबारी नोंदलेला आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये इंडेक्स टू मोफत बघता येतो : मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सची नोंदणीही सक्तीची आहे, त्यामुळे भाडं आणि डिपॉझिटही तिथं सापडतं. रोखीतला भाग कधी कधी दस्ताबाहेर राहतो, हे मान्य. तरी दोन्ही बाजूंनी सही-अंगठा केलेला आकडा हवेतल्या आकड्यापेक्षा भरवशाचा. अडचण एवढीच, की शोधायला वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक लागतो. शहरात नव्यानं आलेली पोरगी सर्व्हे नंबर कुठून आणणार?

नव्या प्रकल्पांना थोडा चाप बसलाय. महारेरानं १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद समोर येते. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला रेराचं कलम १२ व्याजासह परताव्याचा हक्क देतं. पण हे संरक्षण बिल्डरकडून घ्यायच्या घराला. जुना फ्लॅट आणि भाड्याचं घर शोधणारा उघड्यावरच आहे.

म्हणून तीन मागण्या. दर पंधरा दिवसांनी मालकाचा होकार आला नाही, तर जाहिरात आपोआप उतरावी. कार्पेट लिहिल्याशिवाय ती चढूच नये. सांगितलेल्या किमतीशेजारी त्याच इमारतीतल्या शेवटच्या नोंदलेल्या दस्ताचा आकडा दिसावा. हे जमणार नाही, असं कुणी सांगू नये. घर शोधणाऱ्याचा मोबाइल ओटीपीनं तपासल्याशिवाय ही संकेतस्थळं एजंटचा नंबर दाखवत नाहीत. तोच ओटीपी घरमालकाला पाठवा. घर शोधणारा खरा आहे का, हे बघता. घर खरं आहे का, हेही बघा.

भाचीला घर मिळालं ते एका सोसायटीच्या गेटवर बांधलेल्या पुठ्ठ्यामुळे. ‘वन बीएचके भाड्याने देणे आहे’ आणि खाली नंबर. फोन खुद्द मालकीणबाईंनी उचलला. करार ठरला, तेव्हा त्या आमच्याबरोबर खाली आल्या आणि आधी तो पुठ्ठा सोडून घेतला. ‘‘उगाच कुणाला हेलपाटा नको,’’ म्हणाल्या.