पाणी किती दिवसांआड?

ज्या सोलापूरकराच्या शेजारी आमचे शिरस्तेदार राहत नाहीत, त्याने आपल्या पूर्वसंचिताचे आभार मानावेत, पण गाफील राहू नये. कारण हा गृहस्थ पेठेगणिक एक या हिशेबाने शहरभर नेमलेला आहे. कचेरीतून निवृत्त होऊन बारा वर्षे लोटली, तरी मुलखातील यच्चयावत स्थळांची जमाबंदी ते आजही एकाच प्रश्नाने करतात : ‘पाणी किती दिवसांआड?’

गेल्या वैशाखात पारा बेचाळिसावर ठाण मांडून बसला असता, मालवणास मुक्कामाचे ठाणे करून तेथून तारकर्ली, धामापूरचा तलाव, विजयदुर्ग अशा फेऱ्या माराव्यात, असा बेत मी आखला आणि गच्चीवरून तो बोलून दाखवण्याचा प्रमाद केला. शिरस्तेदारांनी तत्काळ हुकूम सोडला, ‘मुक्काम चार दिवस. पाचव्या रात्री आपल्या नळाची पाळी आहे.’ ज्या जिल्ह्यात सुमारे ११७ टीएमसींचे उजनी धरण आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहराने आपल्या सुट्ट्या नळाच्या पंचांगावरून ठरवाव्यात, यात त्यांना काही विपरीत वाटत नव्हते.

कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक रिकामी तांब्याची कळशी एवढ्या सरंजामानिशी आम्ही फोंडाघाट उतरलो. मालवणात घरमालकिणीने लिंबाचे सरबत पुढे करताच शिरस्तेदारांनी प्रश्न टाकला. ती बिचारी गोंधळून म्हणाली, ‘पाणी येतला खंयसून? ता बावीतच आसता!’ या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नाही. पहाटे तीन वाजता मला जाग आली, तेव्हा बादल्या, घंगाळ, पेले, इतकेच काय, माझी दाढीची वाटीदेखील काठोकाठ भरली होती.

आणि तेथेच माझ्या बेताचा निकाल लागला. तारकर्लीस निघावे म्हटले, की ‘भरलेलं पाणी टाकून जायचं?’ धामापूरचे नाव काढले, की ‘आधी ही बादली संपवा.’ ते पाणी संपवण्याकरिता दिवसातून तीनदा स्नान करीत मी दोन दिवस ठाण्यातच नजरकैद भोगली. तिसऱ्या दिवशी सायंकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जात असताना त्यांनी एका वृद्ध कोळ्यालाही तोच प्रश्न केला. त्याने आधी शिरस्तेदारांकडे पाहिले, मग अथांग पसरलेल्या समुद्राकडे, आणि अखेरीस अत्यंत करुणेने माझ्याकडे.

चौथ्या दिवशी सिंधुदुर्गाकरिता होडीत बसलो. कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी या दुर्गाचा पाया घातला, पायात शिसे ओतले, इत्यादी माझे व्याख्यान शिरस्तेदारांनी निर्विकार मुद्रेने ऐकून घेतले; मात्र गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे, हे ऐकताच त्यांच्या मुखावर, आपले टिपण वरिष्ठांनी मंजूर करावे, तशी प्रसन्नता पसरली.

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही तेथील विहिरींची नावे. चोहोबाजूंनी खारा दर्या तटावर आदळत असता तटाच्या आत गोडे पाणी निवांत पडून होते. एकाने पोहरा शेंदून त्यांच्या ओंजळीत धार धरली. ते प्याले. आता प्रश्न येणार म्हणून मी लज्जेने मान फिरवली. परंतु प्रश्न आला नाही. टोपी काढून ते बराच वेळ विहिरीत पाहत राहिले आणि मग हलकेच म्हणाले, ‘आमच्या मंडळींना हे दाखवायचं राहिलं. चाळीस वर्षं रात्री दोनला उठत होती. ही कळशी तिचीच.’

मी काही बोललो नाही. मालवणास येताना ती कळशी त्यांनी सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नव्हती, आणि मी मात्र तिच्यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा केली होती.

पाचव्या रात्री दोन वाजता आमच्या गल्लीत नेहमीप्रमाणे दारे वाजू लागली : ‘उठा, पाणी आलं!’ या एका आरोळीबद्दल त्यांना खडसावण्याचा माझा संकल्प कित्येक वर्षांचा. डोळे चोळीत, तोच संकल्प मनाशी घोळवीत, मी बाहेर आलो. त्यांच्या नळाची नळी माझ्या पिंपात सोडलेली होती आणि पिंप भरत आले होते. पायरीवर ती तांब्याची कळशी अजून रिकामीच होती.