माझं मत कितव्या पानावर?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाची एक कृती असते. उतारा वाचायचा आणि त्यावर आपल्याला काय वाटतं ते आपल्या शब्दांत लिहायचं. गुण तीन. घोकंपट्टी संपावी, पोरांनी डोकं चालवावं, म्हणून प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. पोरांनी डोकं चालवायच्या आत बाजारानं चालवलं. जूनमध्ये शाळेची घंटा होते न होते तोच दुकानात गाइड येतं आणि त्यात प्रत्येक पाठाखाली चौकटीत स्वमत छापलेलं असतं. मुद्देसूद, शुद्ध, आणि शेवटी ‘असे मला वाटते’ हेही न विसरता. पोरं ते पाठ करतात. ‘असे मला वाटते’ हेसुद्धा पाठ करतात.

एखादं पोरगं विसरभोळं निघतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते विचारतं, “सर, माझं मत कितव्या पानावर हाय?”

“शेहेचाळीस. खालची चौकट.”

सरांना हसू नका. तपासनिसाच्या पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि शेजारी नमुना उत्तर असतं. गठ्ठ्यातली सगळी पोरं एकाच मताची निघाली तर काम झटक्यात होतं. एखाद्या पोरीनं लिहिलं की, ‘या पाठातला नायक मला बावळट वाटला, कारण त्यानं आधी बायकोला विचारायला पाहिजे होतं’, तर पंचाईत. गुण द्यावेत तर मॉडरेटर विचारणार, कापावेत तर मनाला लागणार. शहाणा शिक्षक म्हणूनच सांगतो, “स्वतःचं मत बोर्डानंतर. आत्ता चौकटीतलं लिही.”

पाठांतरावर सरकारनं आघाडी उघडली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगानं 1966 साली हे दुखणं सांगून ठेवलं. मग 1986 चं धोरण आलं, 2005 चा अभ्यासक्रम आराखडा आला, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. प्रत्येकानं तेच बजावलं, दर वेळी जरा जाड कागदावर. त्यामुळं आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला झोपेतून उठवून विचारा. घोकंपट्टी वाईट, हे त्याला तोंडपाठ आहे.

ताज्या धोरणात चिकित्सक विचार आहे, समस्या निराकरण आहे, एकविसाव्या शतकातली कौशल्यं आहेत. शतकाचा पाव हिस्सा संपलाय, तेव्हा घाई करायला हवी, म्हणून प्रशिक्षणं निघतात. सभागृह गच्च. पडद्यावर स्लाइड आणि तज्ज्ञ ती आपल्याला वाचून दाखवतात, कारण शिक्षकांना वाचता येतं यावर कुणाचा भरवसा नसावा. स्लाइड अशी: ‘मुलांना प्रश्न विचारू द्या.’ मागच्या रांगेतून एक गुरुजी हात वर करतात. “मॅडम, माझ्याकडं पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतीया. मी गटकार्य घेतलं तर पहिलीच्या पोरांनी काय करायचं?”

“छान प्रश्न आहे. शेवटी घेऊ.”

शेवटी चहा येतो. मग सही, मग गुगल फॉर्म, मग फोटो. फोटोत सगळ्यांनी विचारमग्न दिसायचं असतं. आपला प्रश्न तसाच खिशात घेऊन गुरुजी आजऱ्याची की चंदगडची एसटी धरतात, आणि रात्री ग्रुपवर मेसेज येतो: ‘चिकित्सक विचार उपक्रमाचे फोटो उद्या सकाळी 11 पर्यंत न पाठवणाऱ्या शाळांची नावे वरिष्ठांना कळवण्यात येतील.’ का पाठवायचे, हे कुणी विचारत नाही. दिवसभराचं प्रशिक्षण रात्रीपर्यंत असं उतरलेलं असतं.

आता कोल्हापूर म्हटल्यावर स्कॉलरशिपचा विषय काढलाच पाहिजे. या परीक्षेचा आमच्या जिल्ह्याला नादच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी शाळेआधी, शाळेनंतर, सुट्टीतसुद्धा तास घेतात, वर एक पैसा घेत नाहीत, आणि वाड्या-वस्त्यांवरची पोरं गुणवत्ता यादीत नेऊन बसवतात. त्यांच्या कष्टाला नमस्कारच. अडचण कष्टाची नाही. बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न 50, भाषेचे 25, मिळून 75, आणि वेळ 90 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. त्यातच गोल रंगवायचा. या हिशेबात विचार करणारं पोरगं मागं पडतं आणि प्रश्नाचा चेहरा ओळखणारं पुढं जातं. बुद्धीची परीक्षा द्यायची तर बुद्धी वापरायला वेळ कुठाय?

या पेपरात एक रामू असतो. रामू घरातून निघून पूर्वेला 3 किलोमीटर जातो, उजवीकडं वळून 4 किलोमीटर जातो, तर तो घरापासून किती लांब? “पाच,” पोरगं वर न बघता सांगतं. रामू आम्ही शाळेत होतो तेव्हापासून चालतोय. आजवर एका पोरानं त्याला विचारलेलं नाही की, बाबा रे, तू चाललायस कुठं, आणि केएमटीची बस बंद हाय काय?

तसंच टाकीचं. एक नळ टाकी 4 तासांत भरतो, दुसरा 6 तासांत रिकामी करतो, दोन्ही एकदम चालू ठेवले तर टाकी किती तासांत भरेल? उत्तर 12. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन येऊनसुद्धा ‘आज पाणी कधी सुटणार’ ही चर्चा ज्या गावात संपत नाही, तिथल्या पोराला पहिला प्रश्न हाच सुचायला पाहिजे की, दुसरा नळ उघडा ठेवलाय कुणी, आणि तो बंद का करत नाही? काही पोरांना सुचतोही. त्या प्रश्नाला उत्तरपत्रिकेत गोल नाही.

म्हणून काय आमच्या पोरांना डोकं नाही? शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असू दे. गोल झालाय आणि पंचांनी तो नाकारलाय. मागच्या पायरीवर आठवी-नववीतली दोन पोरं.

“ऑफसाइड नव्हता त्यो!”

“तुला कुठनं दिसलं? तू तर गोलच्या मागं. तिथनं लाइन दिसतीया व्हय रं?”

“पास कवा सुटला ते बघ की. पास सुटताना त्यो मागंच हुता.”

“दाखव. थांबव व्हिडिओ. हितं. पाय बघ.”

साक्षीदार कुठं उभा होता, घटनेची नेमकी वेळ कोणती, पुरावा काय, नियम काय म्हणतो, हे सगळं दोन मिनिटांत झालं. एकानं आपली पेठ बाजूला ठेवून कबूलही केलं की, पाय पुढं आहे. मोठ्यांच्या कुठल्या सभेत असं झालेलं ऐकलंय? हीच पोरं दुसऱ्या दिवशी वर्गात हाताची घडी घालून बसतात. ‘शांत व आज्ञाधारक’ असा शेरा मिळवतात.

पुराचं घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. सुतारवाड्यातल्या पोराला 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे पाढ्यांच्या आधी येतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, एकातून 1428 क्युसेक, चार उघडले म्हणजे 5712, आता हे पाणी इथं कधी पोहोचणार, तोवर फ्रीज माडीवर न्यायचा की आजीला आधी हलवायचं, हे ते पोरगं घरातल्यांबरोबर बसून ठरवतं. समस्या निराकरण यापेक्षा वेगळं असतं काय? पाणी ओसरतं, चिखल निघतो, शाळा उघडते. आणि वर्गात निबंध येतो: ‘पूरग्रस्ताचे मनोगत’. पोरगं गाइड काढतं आणि पाठ करायला बसतं. गाइडातल्या पूरग्रस्ताचं घर गवताचं असतं, गोठ्यात कपिला गाय असते आणि नदी म्हणजे कोपलेली माता. ज्याच्या घरात कमरेइतकं पाणी होतं ते पोरगं कपिला गायीचं मनोगत लिहून दहापैकी आठ घेतं. त्यानं फ्रीजचं लिहिलं असतं तर पाचावर भागलं असतं.

वर्गात हे जमतच नाही, असं म्हणायची सोय बाकीच्या गावांना आहे, आपल्याला नाही. लीलाताई पाटलांनी 1985 साली याच शहरात सृजन आनंद विद्यालय काढलं. ना. सी. फडक्यांची ही लेक. वडील राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे. ताईंनी शिक्षक घडवायच्या महाविद्यालयात वर्षं घालवली आणि मग, बाकीचे लोक नातवंडांत रमतात त्या वयात, मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा उभी केली. शिक्षा नाही, नंबरांची चढाओढ नाही, आणि पोरांनी प्रश्न विचारला तर धडा त्याच्यासाठी थांबतो. त्यांनी या सगळ्यावर पुस्तकं लिहिली, तीही शिक्षकाला कळतील अशा भाषेत. आपण काय केलं? कौतुक केलं. महाराष्ट्रभरातून माणसं येऊन शाळा बघून गेली, भारावली, आणि आपल्या गावी जाऊन पुन्हा हाताची घडी घालायला सांगू लागली. ताई 2020 साली गेल्या. त्याच वर्षी दिल्लीहून धोरण आलं की, शिक्षण आनंददायी आणि विचार करायला लावणारं हवं. पस्तीस वर्षं उशिरा का होईना, टपाल पोहोचलं म्हणायचं.

पालकांनी इथं लगेच मान डोलवू नये. सरकारी कागदावरचा ‘चिकित्सक विचार’ संध्याकाळी घरी आला की आपण त्याला म्हणतो, “लई श्याना झालायस व्हय?” पालक सभेत आपण विचारतो की, शाळा विचार करायला शिकवते का, आणि घरी पोरानं ‘का’ म्हटलं की त्याचा मोबाइल काढून घेतो. आपली भीती अगदीच खोटी आहे असंही नाही. गोविंद पानसऱ्यांच्या एका छोट्या पुस्तकाच्या नावातच प्रश्नचिन्ह आहे: ‘शिवाजी कोण होता?’ 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी फिरायला गेलेल्या या माणसावर आणि त्यांच्या पत्नीवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. यावर विनोद होत नाही. पुढं जातो.

कोल्हापुरात 1938 साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांना घेऊन पुण्यात एक साधा प्रयोग केला होता. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, नावं काढली, सरमिसळ केली आणि ज्योतिष्यांना सांगितलं, ओळखा. प्रत्येकी 40 कुंडल्या बघून 27 जणांनी उत्तरं दिली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. नाणं, वही आणि एक तासिका एवढ्यावर हा धडा आठवीच्या वर्गात बसवता येतो. कितीतरी शाळांना तो घ्यायचा असणार. चांगला मुहूर्त मिळत नसेल.

ते राहू दे. ज्योतिष नको, राजकारण नको, कुणाच्या भावना दुखायला नकोत, असा एक प्रश्न देतो, अगदी अंबाबाईच्या दारातला. किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. परंपरेनं तारखा ठरलेल्या: 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. आपण दर वर्षी हात जोडतो, ढग आले की हळहळतो, महाद्वार रोडच्या इमारतींना नावं ठेवतो. शहरातले प्राध्यापक मोजमापं घेतात, ती बातमी आपण वाचतो. पण वर्षातून दोनदा का, आणि याच तारखांना का, हे एखाद्या पोरानं वर्गात विचारलं तर? विज्ञानाचे सर म्हणतील, हा श्रद्धेचा विषय आहे. घरी आजी म्हणेल, हे सायन्सवाल्यांना विचार. आणि क्लासवाले म्हणतील, पोर्शनमध्ये नाही. तिघांनी मिळून पोराला गप्प बसवलं, आणि तिघांचं भांडण कुठंच झालं नाही.

तेव्हा वाचकहो, भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पोराला जवळ बसवा. सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो तो दिवस 22 डिसेंबर धरा. 10 नोव्हेंबरपासून तिथवर दिवस मोजायला सांगा: 42. तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत: 41. सूर्य जाताना ज्या जागी मावळला, परतताना जवळपास तितक्याच दिवसांनी त्याच जागी मावळतोय, हे पोरगं आपण होऊन बोलेपर्यंत तुम्ही तोंड उघडू नका. मग ते विचारेल की, एका दिवसाचा फरक का राहिला. त्याचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा. सापडलं तर मला जरूर कळवा. गाइडवाल्यांना मात्र पत्ता लागू देऊ नका, नाहीतर पुढच्या जूनपर्यंत ते चौकटीत येईल.