शंभर मीटरांच्या आतले अण्णा

ज्या गावात पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते, त्या गावात एक अण्णा असतात. पाटी खातं लावतं, अण्णा आपोआप उगवतात. सिन्नरला गोंदेश्वराच्या आसपास, अंबरनाथला शिवमंदिराच्या गल्लीत, खिद्रापुरात कोपेश्वराच्या शेजारी शोधा, सापडतीलच. पन्हाळ्यावर तर अख्खं गावच किल्ल्यात राहतं, तिथे घरटी एक निघेल. मी सांगतोय ते अण्णा एका हेमाडपंती देवळाच्या गावचे. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर अण्णा माझ्याविरुद्ध अर्ज करतील.

वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं आणि पाच मीटरची स्टीलची टेप. लांबच्या मापांसाठी घरात तीस मीटरची फायबरची टेप आहे. तिचं पहिल्या दहा सेंटिमीटरचं टोक कधीच तुटलंय, त्यामुळे अण्णा दहाच्या आकड्यापासून मोजतात आणि माप सांगून झालं की "वजा दहा" म्हणतात. घराचा पत्ता विचारला तर गल्ली, मारुतीचा पार वगैरे भानगड नाही. "संरक्षित हद्दीपासून एक्क्याण्णव मीटर पन्नास. वजा दहा."

यात 'हद्दीपासून' हा शब्द महत्त्वाचा. गावातले अडाणी लोक देवळाच्या भिंतीपासून मोजतात आणि फसतात. अण्णांनी कायदा वाचलाय. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यात 2010 साली झालेली दुरुस्ती, आणि तिने पक्की केलेली रेघ: संरक्षित जागेच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्यात नवं बांधकाम नाहीच. दुसऱ्यात करायचं तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणापर्यंत कागद जातो आणि त्यांची शिफारस झाली तर एनओसी मिळते. देऊळ अण्णांच्या ओसरीवरून चांगलं लांब दिसतं, पण खात्याचं तारेचं कुंपण पुढे आलंय. त्या कुंपणाने अण्णांना आत घेतलं.

आत घेतलं म्हणजे पुरतंच घेतलं. बांधकाम म्हणजे काय, याची कायद्यातली व्याख्या अण्णांना पाठ आहे. ते ती जेवणाच्या पंगतीतसुद्धा म्हणून दाखवतात. "उभी वाढ नाही, आडवी वाढ नाही. पण सार्वजनिक शौचालय बांधलं तर ते बांधकामात धरत नाहीत. म्हणजे माझ्या अंगणात सरकारने गावासाठी मुतारी बांधली तर चालेल. मी घरच्यांसाठी खोली वाढवली तर दोन वर्षं कैद, नाहीतर एक लाख दंड, नाहीतर दोन्ही." एवढं बोलून ते ताकाची वाटी तोंडाला लावतात. "पूर्वी देवळाची मोडतोड केली तरी तीन महिने आणि पाच हजारांत भागायचं," हे पुढचं वाक्य जुन्या स्वस्ताईची आठवण काढावी तशा सुरात येतं.

अण्णांच्या कालगणनेत दोनच युगं आहेत. 16 जून 1992 च्या आधीचं आणि नंतरचं. त्या तारखेच्या अधिसूचनेने हे शंभर आणि दोनशे मीटर प्रथम आखले. त्याआधी उभं असलेलं घर दुरुस्त करायला परवानगी मागता येते. त्यानंतरचं असेल तर ते खात्याच्या परवानगीनेच उभं राहिलेलं असावं लागतं. त्यामुळे अण्णांच्या लोखंडी ट्रंकेत सोनंनाणं नाही, 1992 पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या आहेत. 1991 सालची विजेची बिलं आहेत. मुलीच्या बारशाचा एक फोटो आहे. त्यात मुलगी नीट दिसत नाही, पण मागचं न्हाणीघर स्पष्ट दिसतं, म्हणून तो जपून ठेवलाय. काकूंनी एकदा रद्दीवाल्याला ती ट्रंक दाखवली होती. त्यानंतर तिला कुलूप आलं.

खात्यावर अण्णांचा राग आहे. तो सकाळी चहाबरोबर सुरू होतो. "माझ्या आज्याच्या जागेत मला जिना चढवता येत नाही," इथून सुरुवात होऊन गाडी थेट लॉर्ड कर्झनपर्यंत जाते, कारण 1904 चा पहिला स्मारक कायदा त्याच्या अमदानीतला. पण खात्याची जीप आली की सर्वांत आधी कुंपणापाशी अण्णाच उभे. देवळावर नेमलेला कंत्राटी पोरगा साहेबांसाठी खुर्ची शोधत असतो, तोवर अण्णांनी साहेबांना मंडपाच्या मागच्या बाजूला नेलेलं असतं. "साहेब, हा वीरगळ मागच्या दिवाळीला पूर्वेकडे तोंड करून होता."

मध्यंतरी देवळाच्या पायथ्याची दुरुस्ती निघाली. जुन्या दगडकामाला सिमेंट चालत नाही. चुना, विटांची सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर असं कालवून ते मुरवावं लागतं. गवंडी कामावर, पोरगा मोबाईलवर, आणि अण्णा चुन्याच्या हौदाशी. त्यांनी मिश्रण बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, उजेडात धरलं आणि जिभेला लावलं. "गूळ कमी आहे," एवढंच बोलले. चुन्याने जीभ अशी पोळली की पुढचे दोन दिवस अण्णांना शब्द काढता आला नाही. त्या दोन दिवसांत शेजारच्या बापूंनी संडासाचं दार बदलून घेतलं.

बापू म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. एकाच वाड्याची मधोमध भिंत घालून दोन घरं झाली, त्यातलं दुसरं बापूंचं. अण्णा समजून घ्यायचे तर बापूंशिवाय गत्यंतर नाही. काही वर्षांपूर्वी बापूंनी मुलाच्या लग्नाआधी वर दोन खोल्या चढवायचं ठरवलं. बेत नामी होता. शुक्रवारी रात्री स्लॅब टाकायचा, शनिवार-रविवार कचेऱ्या बंद, सोमवारी साहेब येईपर्यंत सिमेंट धरलेलं. पण सेंट्रिंगच्या प्लेटा गुरुवारी उतरल्या. ट्रॅक्टरमधून पडताना त्यांचा जो आवाज होतो, तो अण्णांनी भिंतीपलीकडून ऐकला. शुक्रवारी दुपारी चारला खात्याचा माणूस नोटीस घेऊन हजर. खांब उभे राहिले ते तेवढेच. त्यातून वर आलेल्या सळ्यांना आता दोरी बांधलेली आहे आणि तिच्यावर सूनबाईंच्या साड्या वाळतात.

बापूंनी याची परतफेड केली. अण्णांनी गळक्या कौलांच्या जागी पत्रे टाकायला घेतले, तेव्हा बापूंचा अर्ज अण्णांच्या पत्र्यांच्या आधी पोचला. दुरुस्तीलाही परवानगी लागते, ती अण्णांनी घेतली नव्हती. आयुष्यात एकदाच त्यांनी कायद्याकडे काणाडोळा केला आणि नेमका बापूंनी तो बघितला. पत्रे आले तसे गेले. जुनी मंगलोरी कौलं पुन्हा चढली. पावसाळ्यात अण्णांच्या माजघरात तीन ठिकाणी भांडी ठेवतात आणि तिन्ही ठिकाणं 1992 च्या आधीची आहेत.

हे लोण गल्लीभर पसरलंय. याची ओसरी पुढे येऊ लागली की समोरचा मोजायला येतो. त्याची गच्ची वर जाऊ लागली की हा फोन लावतो. कुणाचंच काही होत नाही. त्यामुळे आजही एसटी स्टँडवरून तोंड वर केलं की अख्खं शिखर आमलकापर्यंत उघडं दिसतं. मध्ये ना टॉवर, ना लॉज, ना फ्लेक्स. आपण समजतो स्मारकं कायदा राखतो. कायदा दिल्लीत असतो. गल्लीत 'मला मिळालं नाही ना, मग तुलाही मिळू देणार नाही' हा बाणा असतो, आणि राखणदारी तो करतो.

अण्णांना हे मान्य आहे. त्यांच्याकडे पुरावासुद्धा आहे. देशात केंद्राने संरक्षित केलेली साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत. 2013 साली महालेखापरीक्षकांच्या तपासणीत त्यांतली 92 जागेवर सापडलीच नाहीत. पुढे शोधाशोध होऊन बरीचशी मिळाली. शेवटी 2024 साली सरकारने 18 स्मारकं यादीतून काढून टाकायला घेतली. त्यात हरियाणात मुजेसरचा कोस मिनार होता, झाशीकडची बर्किल नावाच्या एका गोलंदाजाची कबर होती, आणि खुद्द दिल्लीतली बाराखंबा दफनभूमी होती. ती बातमी अण्णांनी कापून ट्रंकेत ठेवली आहे. "मिनार हरवतो?" ते मला विचारतात. "सुई आहे काय हरवायला? त्याच्या शेजारी कुणी भाऊबंद राहत नसणार. आमच्या बापूसारखा एक माणूस बाजूला असता, तर मी मिनाराची एक वीट हलू दिली नसती."

दर नोव्हेंबरात, 19 ते 25 तारखेला, जागतिक वारसा सप्ताह असतो. एका वर्षी शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयाची मुलं आली. गल्ली बघून ती हरखून गेली. त्यांच्या बाईंनी भाषणात सांगितलं, की स्थानिक समाजाने आपल्या वारशाशी जपलेलं हे नातं फार हृद्य आहे. मग स्थानिक समाजाचे प्रतिनिधी म्हणून अण्णांना शाल आणि नारळ दिला. अण्णांनी शाल सारखी केली, माईक हातात घेतला आणि दोन वर्षं कैद, एक लाख दंड, नाहीतर दोन्ही, इथून सुरू झाले. शेवटच्या रांगेत बापू बसले होते. ते टाळ्या संपल्यावर उठले आणि नारळवाल्याकडे वळून म्हणाले, "शालीला एनओसी घेतलीय का बघा."

पण बापूही काही कमी नाहीत. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांचाही कायदा पक्का झालाय. आता त्यांनी मळ्यात मंगल कार्यालय काढलंय. मोजणी आणली, नकाशा केला आणि जागा निवडली ती हद्दीपासून बरोबर तीनशे चार मीटरवर. वरचे चार मीटर अण्णांसाठी सोडलेत, असं ते पारावर उघड सांगतात. काम दिवसाढवळ्या चालतं. प्लेटा उतरतात तेव्हा मुद्दाम जोरात टाकतात.

अण्णा आठवडाभर टेप घेऊन मळ्याच्या बांधावर फिरले. मग एक दिवस त्यांनी मला निरोप धाडला. ओसरीवर ट्रंक उघडी होती आणि समोर कोरे फुलस्केप.

"कायद्यात स्मारक कशाला म्हणतात?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. "शंभर वर्षं तरी झालेली वास्तू. हे घर 1922 चं. झाली ना शंभर? आता हे संरक्षित झालं, की शंभर मीटर प्रतिबंधित आणि दोनशे नियंत्रित इथून धरायचे. बापूचं कार्यालय इथून दोनशे बारावर येतं. वजा दहा. म्हणजे एनओसी लागणार. तीन-चार लग्नसराया कुठे गेल्या नाहीत."

"अण्णा, पण मग तुम्हाला या घरात खिळासुद्धा ठोकता येणार नाही."

"आत्ता तरी कुठे येतोय?"

"आणि बापू हरकत घेतील."

"घेऊ दे की. सरकार दोन महिने हरकती मागवतं. पण हरकत काय घेणार? घर शंभर वर्षांचं नाही म्हणून? वाटणीच्या दाव्यात त्याच्या बापाने हे घर 1922 चं म्हणून सही केलीय. ती नक्कल ह्याच ट्रंकेत आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढून माझ्या हातात दिलं. "तुम्ही लिहिता बरं, म्हणून बोलावलं. मजकूर जरा भारी करा."

मी लिहायला बसलो. घर, सर्व्हे नंबर, बांधल्याचं साल इथपर्यंत गाडी बरी चालली. मग खरा रकाना आला.

"अण्णा, शंभर वर्षं झाली हे ठीक. पण ह्या घरात राष्ट्रीय महत्त्वाचं काय आहे?"

"लिहा, भाऊबंदकी," अण्णा म्हणाले. "घराच्याही आधीची, 1913 पासूनची आहे. अजून मूळ स्वरूपात आहे. आजवर कुणी डागडुजी केलेली नाही."